‘थांबलो तर स्थळ जाईल’

“निकाल लागला ना ताई, मग आता लग्नाला काय हरकत?” माझ्याकडे समुपदेशनाला आलेलं कुणीतरी दर महिन्याला हे विचारतंच. बहुतेकदा विचारते आई. जिचा किंवा ज्याचा घटस्फोट झालाय ते शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं.

आधी कायद्याचं सांगून टाकते, निम्मी घबराट अर्धवट माहितीचीच असते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत अपील न होता संपली, किंवा झालेलं अपील फेटाळलं गेलं, की दुसरं लग्न करता येतं. आपल्याकडे कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर ही मुदत ९० दिवसांची धरतात; मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०१६ मध्ये ते स्पष्ट केलं. ‘वर्षभर थांबावं लागतं’ म्हणणारे काका-मामा अजून भेटतात. ती अट १९७६ मध्येच गेली.

संमतीच्या घटस्फोटात थांबणं आधी असतं: वर्षभर वेगळं राहणं, मग अर्ज, मग सहा महिने. हे सहा महिने माफ करणं न्यायालयाच्या हातात आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण समेटाची आशा संपलेली आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं मिटलेलं हवं. कौटुंबिक न्यायालयाच्या अशा संमतीच्या निकालावर मग अपील नसतं.

मेधाचं (नाव बदललंय) प्रकरण संमतीचं नव्हतं. नवरा शेवटपर्यंत लढला. निकाल लागून महिनाही झाला नव्हता आणि आई तिला घेऊन आली. स्थळ चांगलं होतं, बँकेतले, विधुर. विवाह मंडळातल्या बाईंनी सुचवलं होतं, “देवळात हार घालून घ्या, नोंदणी नंतर बघू.” मी म्हटलं, असं लग्न आपोआप रद्द होतंच असं नाही, पण समोरच्याने अपील टाकलं तर ते टिकवायला पुन्हा कोर्टाची पायरी आहेच. आई गप्प झाली. मेधाचा पाय मात्र हलतच होता.

पुढे तिला एकटीला बोलावलं.

“तीन महिन्यांत काय होईल?”

“ते दुसरीकडे बघतील.”

“बघितलं तर?”

“मग मला कोण विचारणार?”

इथे पुनर्विवाहाची चार उदाहरणं सांगून धीर देता येतो. मी देत नाही. तो धीर घरी पोचेपर्यंत टिकतो. माणसाला पळवते ती त्याची समजूत, प्रसंग नव्हे, असं मी मानते. म्हणून समजुतीलाच प्रश्न विचारत राहते. काही भेटी त्यातच गेल्या. मग एकदा विचारलं, “समजा ते थांबले. मग?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मग ते विचार करायला लागतील.”

“म्हणजे आत्ताचा होकार विचार न करता आलाय?”

आधी ती हसली, मग रडली. हळूहळू बाहेर आलं, की त्या गृहस्थांना ‘पटलं नाही’ एवढंच सांगितलंय. मारहाण, पोलीस तक्रार, मुलीच्या शाळेबाहेर येऊन उभा राहणारा बाप, सगळं ‘लग्नानंतर सांगू’ असं आईने ठरवलेलं. कलम १५ तिला अडचण वाटत होतं, कारण त्या मुदतीत खरं बोलायला सवड मिळत होती. इतक्या घरांतली घाई पाहिल्यावर मला तारखेपेक्षा न सांगितलेल्या गोष्टीचा संशय आधी येतो, आणि तो फारसा चुकत नाही.

मुदत चालू असताना करायची कामं मी सगळ्यांना सांगते. निकालाची प्रमाणित प्रत घ्या. मुदत संपल्यावर अपील दाखल नाही ना, हे वकिलांकडून पाहून घ्या. पीएफ आणि विम्यावरचं वारसदाराचं नाव बदला. पहिल्या जोडीदाराचं नाव तसंच राहिलेलं मी कितीदा पाहिलंय! मुलांना नव्या माणसाची ओळख एका जेवणात उरकू नका. आणि निकालपत्र समोरच्याला वाचायला द्या.

मेधाने दिलं. त्यांनी ते आठवडाभर ठेवून घेतलं. त्या आठवड्यात आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. परत देताना त्यांनी एकच विचारलं, “मुलीला शाळेतून न्यायला कुणाकुणाची नावं दिली आहेत?”

पुढे आईचाच फोन आला. ठरलेला मुहूर्त हुकला होता, नवी तारीख मात्र गुरुजींच्या आधी वकिलांना विचारून धरली होती.