पेशी 'ओळखते' की पेशीला 'जुळतं'?

धरमपेठ, नागपूर इथून विचारणा आली आहे: डेंग्यूवरच्या एका मजकुरात 'पेशी प्रतिजन ओळखतात' असं वाचलं. पेशीला ना डोळे ना मेंदू, मग 'ओळखणे' चालेल का? आणि प्रतिजन म्हणजे जनांच्या विरुद्ध असलेला का?

दुसरं आधी घेऊ, ते सोपं आहे. यातला 'जन' लोकांचा नाही, 'जन्' धातूचा आहे. प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे शरीर बचावासाठी घडवतं ते प्रथिन) जन्माला घालणारा तो प्रतिजन (अँटिजेन). हायड्रोजनच्या शेवटी ऐकू येणारा ग्रीक प्रत्यय याच कुळातला. म्हणून 'प्रतिजन म्हणजे शत्रू' हा अर्थ चुकीचा ठरतो. शेंगदाण्यातलं प्रथिन, परागकणातलं प्रथिन, तांबड्या पेशीवरचे रक्तगटाचे ए आणि बी हेही प्रतिजनच.

आता 'ओळखणे'. नागपुरातल्या बर्डी बाजाराच्या गर्दीत आपण कुणाला ओळखतो, कारण त्याला आधी पाहिलेलं असतं. प्रतिपिंड घडवणाऱ्या बी पेशीचं तसं नाही. तिच्या अंगावरचा ग्राही (प्रतिजन पकडणारं प्रथिन) अस्थिमज्जेतच, जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून घडतो, जंतू शरीरात शिरायच्या कितीतरी आधी. अशा कोट्यवधी आकारांपैकी ज्याच्यात प्रतिजन बसतो, तीच पेशी वाढीच्या वाटेला लागते. इथे 'जुळणे' हेच खरं क्रियापद.

बचाव यंत्रणेतल्याच टी पेशीला तर अख्खा प्रतिजन चालतच नाही. दुसऱ्या पेशीने त्याचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी नावाच्या प्रथिनाच्या खाचेत मांडून दाखवावे लागतात: मारक टी पेशीला साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा, मदतनीस टी पेशीला १३ ते २५ आम्लांचा. वर आणखी एक इशारा लागतो. दाखवणाऱ्या पेशीवरचं सीडी८० किंवा सीडी८६ हे प्रथिन टी पेशीवरच्या सीडी२८ या प्रथिनाला भिडावं लागतं. ते झालं नाही, तर तुकडा जुळूनही टी पेशी निपचित पडते. 'ओळखलं आणि हल्ला चढवला' या वाक्यात हे सगळं गळून जातं. त्यापेक्षा 'तुकडा जुळला, दुसरा इशारा मिळाला, मग पेशी वाढू लागली' असं लिहावं. लांबतं, पण बरोबर आहे.

'ओळखणे' राखून ठेवावं ते स्मृतिपेशींसाठी. त्यांची प्रतिजनाशी गाठ खरोखरच आधी पडलेली असते.

शब्दांचा हा फरक पावसाळ्यात रिपोर्ट वाचतानाही उपयोगी पडतो. 'एनएस१ अँटिजेन' म्हणजे विषाणूचंच प्रथिन. ते तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत सापडतं. 'आयजीएम अँटिबॉडी' म्हणजे शरीराने दिलेलं उत्तर. ते साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. त्यामुळे सातव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आला, तरी डेंग्यू नाही असं ठरत नाही. तेव्हा आयजीएम बघावं लागतं. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल, तर जुन्या ओळखीतून झपाट्याने वाढलेले प्रतिपिंड एनएस१ला धरून बसतात आणि तो आणखी लवकर चाचणीतून निसटतो.