घुमट पथकासोबत चित्रकार: आधी तालमीला बसा

तुमचा प्रश्न असा: रोज वहीत रेखाटनं करता, आता गावचं घुमट आरतीचं पथक (घुमट या आपल्या गोव्याच्या तालवाद्यावर आरती म्हणणारं) आणि एक नृत्यांगना यांच्या कार्यक्रमात तुम्हाला बोलावलंय, पण आपलं चित्र नुसता मागचा पडदा होऊन राहील अशी भीती वाटते. भीती रास्त आहे. म्हणूनच सांगतो, काय करायचं ते ठरवण्याआधी निदान पंधरा दिवस वही घेऊन तालमीला बसा.

गणपतीच्या चवथीच्या आधी मी फोंड्याकडच्या एका पथकाच्या तालमीला जायचो. आठवडाभर उजवा हातच काढत होतो, कारण तो चामड्यावर नाचतो, डोळ्यांत भरतो. वही भरली, पण आवाज काही त्यात उतरेना. एका वयस्कर वादकाने पानं चाळली आणि विचारलं, "दावो हात खंय आसा?" (डावा हात कुठे आहे?)

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं (पूर्वी घोरपडीचं, आता बकऱ्याचं), धाकटं तोंड उघडं. डावा तळवा ते झाकतो, उघडतो, आणि आवाज तिथे वळतो. दुसऱ्या दिवसापासून मी फक्त तो तळवा काढला. कोळशाची कांडी आडवी धरायची. तोंड झाकलं की दाब द्यायचा, उघडलं की हात सैल सोडायचा. माणूस दिसेना, नुसते गडद-फिके पट्टे. पण पथकातल्या एका पोराने ते पान समोर धरलं आणि मांडीवर ताल वाजवून दाखवला. माझ्या मते सहयोग तिथून सुरू झाला.

आपल्या मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै आठवा. १९७७ ते १९८७ ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. रागांवर त्यांनी चित्रं केली, आणि संगीत ते स्वतः शिकले होते. तुम्हाला घुमट वाजवता यायलाच हवं असं नाही, पण चार दिवस हातात घेऊन बघा. मनगट कुठे दुखतं ते कळलं की रेषा बदलते.

नृत्यांगनेबरोबर उलट करून बघा: तुम्ही काढा, तिने त्यावर नाचावं. दर वेळी चित्रानेच मागून का धावायचं?

व्यवहाराचं मात्र पहिल्याच दिवशी बोला. मानधन किती, नाव कुठे छापणार, मूळ चित्रं कोणाकडे राहणार. एका संस्थेने माझी रेखाटनं मोठी करून रंगमंचावर लावली, पत्रिकेत नावही नव्हतं. अजून सलतं ते. आणि पावसाळ्यात शाई टाळा, आपल्याकडच्या दमट हवेत साध्या कागदावर ती फुटते.

पहिल्या दिवशी जाल तेव्हा समोर बसू नका. वादकांच्या डाव्या अंगाला बसा.