नव्या गाडीला गंज, आणि सर्विस सेंटर म्हणतंय समुद्राला विचारा

प्रश्न : गाडी घेऊन १४ महिने झालेत, पांढरा रंग, घर मालवणात समुद्राला अगदी लागून. मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय, नखाने दाबलं तर पापुद्रा निघून तांबडी पूड येते. बॉनेटवर पण बारीक नारिंगी ठिपके आहेत. वॉरंटी ३ वर्षांची, पण सर्विस सेंटरवाले म्हणतात खाऱ्या हवेने झालंय, वॉरंटीत बसत नाही. ओळखीचा पेंटर स्वस्तात घासून रंगवून देतो म्हणतोय, देऊ का?

उत्तर : अजिबात नको, आधी त्या पेंटरला थांबवा. बाहेर एकदा हात लागला की कंपनी म्हणायला मोकळी, तुम्हीच छेडछाड केलीत. आणि नखाने दाबणंही बंद करा!

बॉनेटचे ठिपके बहुतेक पत्र्याचे नसतातच, लोखंडाची बारीक पूड रंगावर बसून गंजते आणि पांढऱ्या गाडीवर लगेच डोळ्यात भरते, क्ले बारने (रंगावर घासून चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) निघते, ते सोडून द्या. खरा मुद्दा दाराचा. काचेच्या रबराजवळून पाणी दारात जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं, आणि खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो तिथे सीलर (फट बुजवणारा लेप) नीट लागला नसेल तर पाणी त्या घडीत मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. दगड लागून आलेल्या गंजाच्या मधोमध टवका दिसतो, आतून आलेल्यात आधी नुसता फोड, वरचा रंग शाबूत. म्हणून बाकीचे फोड जसे आहेत तसे ठेवा आणि जवळून फोटो काढा, भोकांचे पण. ती लाल मातीने बुजली असतील तर मात्र ते देखभालीचं कारण पुढे करणार, हेही सांगून ठेवतो.

पेंट मीटर (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र) मिळाला तर सगळी दारं मोजा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, हेच एक दार २५०-३०० दाखवत असेल तर ते तुमच्याकडे यायच्या आधीच रंगवलेलं असू शकतं, मग भांडण खाऱ्या वाऱ्याशी नाही, डीलरशी.

जॉब कार्डवर (गाडी सर्विसला देताना तक्रारी लिहितात तो कागद) सर्विस सेंटरचे ॲडव्हायजर ‘पेंट चेक’ लिहून सही घेतात, तिथे ‘गंज’ हा शब्द लिहून घ्या. नकारही तोंडी नको, वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाने नाकारताय ते ईमेलवर मागा. कलम खरंच असू शकतं, बऱ्याच पुस्तिकांत खाऱ्या हवेचा अपवाद असतो, पण तो बाहेरून झालेल्या नुकसानीला लावतात की सीलरच्या दोषाला, इथेच तर वाद आहे. समुद्र काय कालपरवा आलाय का मालवणात, गाडी विकताना माहीत नव्हता?

तरी दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, मुदत २ वर्षं. नवी गाडी मागत बसू नका, दार बदलून किंवा आतून गंजरोधक लावून द्या एवढंच मागा. आणि तोवर ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका.