पटावरच्या शंका: ड्रॉ घेतला, पण मात समोरच होती

प्रश्न: नमस्कार. रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी बगीच्यात बुद्धिबळाचे दोन-तीन डाव होतात. परवा माझी पांढरी, वजीर सी४ (सी ही उभी ओळ, ४ ही आडवी), घोडा जी५, राजा जी१ वर आणि पुढे एफ२, जी२, एच२ ची प्यादी. समोरच्याचा राजा एच८, हत्ती बी८, वजीर बी२, प्यादी ए७, सी७, जी७, एच७. म्हणजे त्याचा हत्ती तर माझा घोडा, वर एक प्यादं कमी. मी घोडा एफ७ ला नेऊन शह दिला, राजा जी८, घोडा परत जी५, उघडा शह (घोडा सरकला की मागच्या वजीराचा), राजा एच८, असं तीनदा झालं आणि ड्रॉ. खूश होऊन घरी आलो तर नातवानं फोनवर पोझिशन लावली आणि म्हणाला आजोबा ही तर मात होती. शह तर मीही देतच होतो ना, मग दिसलं का नाही?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर: काका, ड्रॉ वाचवलात हेही काही कमी नाही, पण नातू बरोबर बोलला. तुम्ही बघत होतात आपला घोडा कुठे कुठे शह देतो, आणि बघायचं होतं त्याचा राजा कुठे कुठे जाऊ शकतो. सगळी गोम इथेच.

राजा जी८ वर आला ना, तिथे थांबा. आता घोडा जी५ ऐवजी एच६ ला न्या. शह घोड्याचाही आणि मागून वजीराचाही, दुहेरी. आता गंमत बघा, जी७ चं प्यादं घोडा खाऊ शकतं असं वाटतं, पण खाल्लं तरी वजीराचा शह तसाच राहतो, म्हणून दुहेरी शहात राजालाच हलावं लागतं, दुसरा इलाजच नाही. एफ८ ला गेला तर वजीर एफ७, मात, कारण वजीराला एच६ च्या घोड्याचा जोर आहे. म्हणजे उरलं एच८. आणि एच८ वरच्या राजाभोवती काय आहे? जी७, एच७ त्याचीच प्यादी, मोकळं फक्त जी८. ते एक घर त्याच्याच मोहऱ्यानं भरलं की झालं. मग वजीर जी८ ला टाका, शह! राजा खाऊ शकत नाही, घोड्याचा पहारा आहे, हत्तीला खावंच लागतं, आणि घोडा एफ७, मात. रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत आपल्याच घरच्यांच्या गराड्यात अडकलेला माणूस असतो ना, गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट हातात आणि पाय टाकायला जागा नाही, तसा राजा.

बऱ्याच जणांना वजीर जी८ सुचतो, पण दोन चाली आधी. घोडा जी५ वर असताना तो टाकला तर राजाच खाऊन टाकतो आणि वजीर फुकट जातो. म्हणून मी पोरांना उलटं शोधायला सांगतो, शेवटचं चित्र आधी: राजा कोपऱ्यात, शेजारी त्याचाच हत्ती, घोडा एफ७. मग तो हत्ती तिथे आणायचा कसा, वजीराला जोर कुठून, असं मागे मागे या. ही मात काही नवी नाही, १४९७ साली स्पेनमध्ये छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकातही आहे, नाव मात्र नंतरच्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूचं पडलं.

आता चालू डावात ओळखायचं कसं, तर दर चालीला शोधत बसलात तर घड्याळातली वेळ संपेल आणि डोकंही दुखेल. माझं म्हणणं, राजाला एकच घर उरलंय किंवा एकही नाही, आणि आपली दोन मोहरी त्याच्याकडे तोंड करून आहेत, असं दिसलं की हात मांडीखाली ठेवायचे आणि सगळे शह बघायचे, मूर्खासारखे दिसणारे पण. फक्त प्रत्येक शहाला त्याची उत्तरं किती ते मोजा, एकच असेल तर पुढे जा, दोन असतील तर दोन्ही बघा, तिसरं निघालं आणि त्यावर आपल्याकडे काही नाही तर ती फोर्स्ड, म्हणजे टाळताच न येणारी, मात नाही, नुसती आशा आहे. मॉर्फी या अमेरिकन खेळाडूचा १८५८ चा पॅरिसच्या ऑपेरातला डाव लावून बघा, वजीर बी८ ला, घोड्यानं खायलाच लागतो, मग हत्ती डी८, मात. तिथेही राजाची वाट त्याच्याच लोकांनी अडवलीय, आणि ई७ चं जे घर मोकळं दिसतं त्यावर उंटाची नजर.

प्रश्न: मुलगा दहा वर्षांचा, फोनवर रोज चाळीस पझल सोडवतो, पण टूर्नामेंटमध्ये दोन चालींची मातही सोडून येतो. काय करू?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, फोन आधीच सांगतो की इथे काहीतरी आहे, डावात कोण सांगणार? चाळीसची दहा करा, पण खऱ्या पटावर तुम्ही मांडून द्या, आणि त्यातली तीन-चार अशी ठेवा की मात नाहीच, वजीर टाकला की फसतो. पहिले दोन दिवस चिडेल, "मम्मी ये तो चीटिंग है" म्हणेल. म्हणू दे. चाल हलवायच्या आधी समोरच्याची उत्तरं तोंडानं बोलायला लावा. मोहऱ्यांना तो ऊँट-हाथी म्हणत असेल तर म्हणू दे, आपल्या इंदुरात अर्धी पोरं तसंच म्हणतात.