कारस्थानाला षडयंत्र म्हणू नका

प्रश्न असा आला आहे : ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेवर मराठीत लिहिताना “टायविन लॅनिस्टर कुटुंबनिष्ठेपोटी षडयंत्र रचतो” हे वाक्य चालेल का? की निष्ठेच्या जागी ‘इमान’ हवं? (टायविन म्हणजे त्या मालिकेतल्या लॅनिस्टर घराण्याचा कर्ता.)

इमानाचं मागाहून पाहू. आधी ते षडयंत्र काढून टाका. (लिहायचंच असेल तर निदान ‘षड्यंत्र’ लिहा, ‘ड’चा पाय मोडून.) बातम्यांच्या पट्ट्या आणि हिंदीतून आलेल्या मालिका यांच्यामुळे हा शब्द मराठीत इतका बोकाळलाय की सासूने सुनेचा डबा लपवला तरी षडयंत्र, आणि सरकार पाडलं तरी षडयंत्रच. आपल्याकडे डाव आहे, कट आहे, घाट आहे, मसलत आहे, खलबत आहे. प्रत्येकाचं काम वेगळं. टायविनचा नातू राजा जॉफ्री याच्या लग्नात पेल्यात विष कालवलं गेलं, तो कट : माणसं मोजकी, दिवस ठरलेला, काम एकच. पण लॅनिस्टरांशी लढणाऱ्या रॉब स्टार्कला लग्नाच्या मेजवानीत संपवलं (2 जून 2013 ला तो भाग दाखवला गेला), ते कारस्थान. त्यात फ्रे आले, बोल्टन आले (ही रॉबच्याच बाजूची घराणी), पुढच्या सरदाऱ्यांचे वायदे आले, आणि हे सगळं जमवणारा टायविन तिथे हजरसुद्धा नव्हता. तो शेकडो कोसांवर राजधानीत मेजापाशी पत्रं लिहीत बसला होता. मुलगी आत आली, मुलगा आत आला, तरी याची मान वर होत नाही, बोरू चालूच. ते मेज लक्षात ठेवा, कारण ‘कारस्थान’ या शब्दाच्या पोटात तेच मेज आहे.

‘कारस्थान’ म्हणजे संस्कृत ‘कार’ अधिक ‘स्थान’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. नाही. शब्द फारसी आहे : कारस्तान. कार म्हणजे काम, आणि ‘स्तान’ तोच जो गुलिस्तानात आहे. गुलांची जागा ते गुलिस्तान, कामाची जागा ते कारस्तान. त्यावरून मोठं, अचाट काम असाही अर्थ झाला. इराणात आजही एखाद्याने पराक्रम केला की कौतुकाने म्हणतात, ‘कारी कर्द कारस्तान’ : काम केलं, पण काय काम केलं! हाच शब्द उर्दू-हिंदीत ‘कारस्तानी’ होऊन पोरांच्या खोड्यांवर येऊन बसला. मराठीने मात्र त्याला दरबारात नेलं.

आणि नेताना ‘स्तान’चं ‘स्थान’ केलं, जसं हिंदुस्तानचं हिंदुस्थान केलं. याला कोणी अडाणीपणा म्हणू नये. जुन्या फारसीतलं ‘स्तान’ आणि संस्कृत ‘स्थान’ ही एकाच मुळाची दोन पोरं आहेत, ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. फारसी ‘कार’ही आपल्या ‘कृ’चाच भाऊबंद. म्हणजे मराठी माणसाने परका शब्द ऐकला आणि त्यातलं हरवलेलं नातं, व्याकरणाची पाटी न गिरवता, नुसत्या कानाने ओळखलं.

‘कारभारा’चंही हेच झालं, असं माझं ठाम मत आहे. तो ‘कार्यभार’ या शब्दाचा अपभ्रंश, असं व्युत्पत्तीची हौस असलेले अनेकजण लिहितात. मग त्यांनी सांगावं, ‘कार्य’ या शब्दाचं प्राकृतात ‘कज्ज’ आणि मराठीत ‘काज’ होतं, कामकाजातलं काज, तर इथेच ते ‘कार’ कसं झालं? उत्तर मिळत नाही. फारसी ‘कारोबार’ समोर ठेवा, सगळं जागेवर बसतं. त्यातल्या ‘बार’चा एक अर्थ ओझं, संस्कृत ‘भार’चा सख्खा भाऊ. मराठीने इथेही ‘बार’चा ‘भार’ केला. यातूनच कारभारी आला, आणि हा शब्द किती गुणी पाहा : राज्य चालवतो तोही कारभारी, आणि खेड्यातल्या बाईचा नवराही कारभारी. घर आणि दरबार एकाच शब्दात. टायविनच्या पदाला, ‘हँड ऑफ द किंग’ला, लोक ‘राजाचा हात’ असं लिहितात तेव्हा मला राहवत नाही. कारभारी म्हणा! तो राज्याचाही कारभारी आहे आणि लॅनिस्टरांच्या घराचाही. त्याच्या सगळ्या गोष्टीचं मर्म त्यातच आहे.

कारस्थानात आणि षडयंत्रात आणखी एक फरक आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. षडयंत्र नेहमी वाईटच असतं. कारस्थान तसं नाही. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं आणि चुलता राघोबा गादीवर आला. तेव्हा सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके वगैरे मंडळींनी एकजूट केली, नारायणरावाच्या गरोदर बायकोला, गंगाबाईला, पुरंदरावर सुरक्षित ठेवलं, आणि 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाल्यावर त्या 40 दिवसांच्या पोराच्या नावाने पेशवाईची वस्त्रं आणवली. याला इतिहासात नाव आहे ‘बारभाईंचं कारस्थान’. निंदा म्हणून नव्हे, थोर राजकारण म्हणून. ‘बारभाईंचं षडयंत्र’ म्हणून पाहा, जीभच वळत नाही. टायविनच्या बाजूने पाहिलं तर रेड वेडिंग (रॉबला संपवलं ते लग्न) राज्य वाचवणारं, स्टार्कांच्या बाजूने पाहिलं तर अन्नाला जागण्याचा रिवाज मोडणारं. हा दुपदरी अर्थ ‘कारस्थान’ पेलतो.

आता इमान. इमान धन्याशी राखतात, खाल्ल्या मिठाला जागतात. टायविन कोणाचं मीठ खात नाही. तंबूत हरिण सोलता सोलता तो थोरल्या मुलाला, जेमीला, सांगतो की आपण सगळे मरणार, मागे राहील ते घराण्याचं नाव. हे इमान नव्हे, ही निष्ठा. तेव्हा तुमचा शब्द बरोबर आहे, फक्त ‘कुटुंब’ काढून ‘घराणं’ घाला. कुटुंबावर त्याचं प्रेम कुठे होतं? त्याच्या धाकट्या मुलाला, टिरियनला, विचारा. वाक्य असं करा : “टायविन लॅनिस्टर घराण्यावरच्या निष्ठेपोटी कारस्थान रचतो.” आणि मोठ्याने वाचा. ‘निष्ठा’ म्हणजे नि अधिक स्था. तोच ‘स्था’, जो ‘कारस्थाना’त उभा आहे.