मिशिगनमध्ये जुना गुन्हा ‘क्लीन स्लेट’ कायद्याने आपोआप मिटला, तर अमेरिकी नागरिकत्वाच्या अर्जात तो सांगावा लागतो का?

हो, सांगावाच लागतो. ११ एप्रिल २०२३ पासून तिथे पात्र मिसडिमीनर (किरकोळ गुन्हे) ७ वर्षांनी आणि जास्तीत जास्त दोन फेलनी (गंभीर गुन्हे) १० वर्षांनी अर्जाविना मिटतात. मारहाणीचे गुन्हे त्यात येत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला गुन्हाही आपोआप जात नाही, त्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो. इथेच अनेकांची गफलत होते.

पण हा झाला राज्याचा कायदा. केंद्राचा इमिग्रेशन कायदा तुम्हाला दोषी ठरलेलेच धरतो, आणि बोटांचे ठसे दिल्यावर जुनी अटक समोर येऊ शकते. गुन्ह्यापेक्षा लपवाछपवी जास्त महागात पडते! निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयाकडून काढून घ्या आणि अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.