वाचकांचे प्रश्न : बाजारपेठेतला केर, कुंड्या आणि पिंका

या महिन्यातली बरीच पत्रं बाजारपेठेच्या स्वच्छतेबद्दलची आहेत. त्यांतली काही निवडून, थोडी काटछाट करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या पेठेत सत्तरेक दुकानं आहेत. नगरपालिकेचे सफाई कामगार पहाटे सहाला येऊन रस्ता लख्ख करून जातात, पण अकरा वाजेपर्यंत तो पुन्हा जैसे थे. कामगार वाढवून मागावेत असं संघटनेत चाललं आहे. अर्ज कसा करावा?
— व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, सातारा जिल्हा

उत्तर : अर्ज लिहायच्या आधी एक दिवस घड्याळ लावून रस्ता पाहा. सकाळी ७, मग १०.३०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा पाच वेळांना त्याच त्या चार-पाच जागांचे मोबाइलवर फोटो काढा. बहुतेक पेठांत जे दिसतं तेच तुमच्याकडेही दिसेल. झाडलोट होते सहा-सातला, दुकानं उघडतात साडेनऊ-दहाला. शटर वर गेलं की दुकानातला पोऱ्या आतला केर उंबरठ्याबाहेर लोटतो, वर पाण्याचा सडा मारतो. घंटागाडी तोवर निघून गेलेली असते. अकरानंतर टेम्पोंतून माल उतरतो आणि पुठ्ठे, प्लास्टिकच्या पट्ट्या, थर्माकोल रस्त्यावर येतात. संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागतात. म्हणजे तुमच्याकडे माणसं कमी नाहीत, वेळा चुकल्या आहेत. पहाटे सहाला आणखी चार कामगार आणलेत तरी अकराचा रस्ता असाच राहील.

म्हणून अर्जात वेळ बदलून मागा. पेठेची मुख्य झाडलोट रात्री शटर पडल्यावर, साडेनऊ-दहानंतर व्हावी आणि घंटागाडीची दुसरी फेरी सकाळी साडेदहाला यावी. व्यापारी भागात दिवसातून दोनदा झाडलोट व्हावी ही अपेक्षा स्वच्छ सर्वेक्षणातच आहे, तिचा उल्लेख करा. दाट वर्दळीच्या भागात एका कामगाराला दिवसाला २५० ते ३५० मीटर रस्ता, हे प्रमाण केंद्राच्या घनकचरा मार्गदर्शिकेत आहे. तुमच्या पेठेची लांबी मोजून त्याशेजारी मांडा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत स्वच्छता निरीक्षकांना, सोबत ते फोटो वेळेसह. आणि अर्ज देण्याआधी मुकादमाशी बोला. कुठली गाडी कधी मोकळी असते हे त्यालाच ठाऊक असतं.

दुकानदारांची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक दुकानात एक सुपली आणि झाकणाचे दोन डबे हवेत, ओल्याचा १० लिटरचा आणि सुक्याचा २० लिटरचा. केर उंबरठ्याच्या आतच सुपलीत भरायचा. पुठ्ठे रस्त्यावर न टाकता चपटे करून, सुतळीने बांधून आत ठेवायचे. कोरड्या पुठ्ठ्याला भाव मिळतो, भिजलेला कोणी घेत नाही. कचरावेचक बाई ठरलेल्या वेळी येत असतील तर सुका माल थेट त्यांच्याच हाती द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदारचा कचरा अशाच पद्धतीने गोळा करते.

ही घडी कुठे विस्कटते तेही सांगून ठेवतो. आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी साडेदहाची गाडी येत नाही, कोणीतरी आपली पिशवी कोपऱ्यावरच्या खांबाखाली ठेवतो आणि तासाभरात तिथे ढीग होतो. तेव्हा पहिल्याच बैठकीत ठरवून टाका : गाडी आली नाही, तर कचरा रात्रीपर्यंत दुकानातच राहणार. तो खांब वाचला की पेठ वाचते.

प्रश्न : संघटनेने खर्च करून बारा कुंड्या बसवल्या. चार तुटल्या, दोन चोरीला गेल्या, उरलेल्यांत लोक घरचा कचरा आणून कोंबतात. कुंड्या काढूनच टाकाव्यात का?
— कापड दुकानदार, सोलापूर

उत्तर : सगळ्या काढू नका, जागा बदला. समान अंतरावर ओळीने लावलेल्या कुंड्या नकाशात छान दिसतात, पण कचरा समान अंतरावर तयार होत नाही. तो वडापावच्या गाडीपासून माणूस जितकं चालत खातो तिथे पडतो, म्हणजे दहा-पंधरा पावलांवर. रिक्षा थांबा, बस थांबा, एटीएमचं दार, चहाची टपरी या जागा आधी धरा. उरलेल्या रस्त्याला ५० ते १०० मीटरवर एक जोडी पुरते.

घरचा कचरा थांबवायचा तर तोंड लहान ठेवा. १५ सेंटिमीटरच्या भोकातून कप, कागद, केळ्याची साल जाते, गाठ मारलेली पिशवी जात नाही. वर पावसाची टोपी हवी आणि तळाला ८ मिलिमीटरची तीन-चार भोकं हवीत, नाहीतर पाणी साचून पत्रा आतून सडतो. तळ जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असला की खाली झाडता येतं आणि कुत्र्यांना ती सहज उपसता येत नाही. खांब पेव्हरवर नुसत्या बोल्टने बसवलेले हलतात आणि हललेली वस्तूच चोरीला जाते. खांब किमान ४५ सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये गाडा. उलटवून रिकामी करायची कुंडी घेतली असेल तर तिची कडी तपासा. ती निसटली की कुंडी तोंड खाली करून लोंबकळते. तुमच्या चार ‘तुटलेल्या’ कुंड्यांपैकी काहींचा आजार एवढाच असायची शक्यता बरीच आहे. विडीच्या थोटकाने प्लास्टिकची कुंडी पेटते, म्हणून पानाच्या टपरीजवळ लोखंडीच लावा.

चहाच्या टपरीचं गणित वेगळं आहे. न चेपलेला १०० मिलीचा कागदी कप कुंडीत त्याच्या दीडपट-दुप्पट जागा अडवतो. दिवसाला ४०० कप जात असतील तर ६० लिटरची कुंडी संध्याकाळच्या आत ओसंडणारच. त्यावर स्वस्त तोड आहे. ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, मीटरभर लांब, खालून टोपी लावलेला, टपरीच्या कडेला उभा बांधा. शेजारी चाळणी ठेवलेली बादली. उरलेला चहा बादलीत, कप पाइपात. एकात एक बसलेला कप सात-आठ मिलिमीटरच उंची घेतो, त्यामुळे एका पाइपात शंभराहून जास्त कप मावतात. कपाचा काठ पाइपापेक्षा थोडा लहान आहे ना, हे विकत घेण्याआधी घालून पाहा. बादली गटारात न ओतता संडासात ओतायची. खरा उपाय अर्थात काचेचा ग्लास. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून रद्दीवाला तो घेत नाही.

आणि जी कुंडी रोज रिकामी होणार नाही ती लावूच नका. भरलेली कुंडी म्हणजे आजूबाजूला टाकायला दिलेली परवानगी.

प्रश्न : आमच्या संकुलाच्या जिन्यात पिंकांनी भिंती लाल झाल्या आहेत. दोनदा रंग दिला, डाग पुन्हा वर येतात. देवांच्या फरशा लावाव्यात का?
— व्यापारी संकुलाचे व्यवस्थापक, अकोला

उत्तर : डाग वर येतात याचं कारण रसायनात आहे. सुपारी आणि कातातली टॅनिनसारखी द्रव्यं चुन्याच्या संगतीत लाल होतात आणि ती पाण्यात विरघळतात. पाण्यात कालवलेला डिस्टेंपर लावला की त्याच पाण्यातून लाली नव्या थरात चढते. म्हणून क्रम असा ठेवा. आधी भिंत साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. मग घरगुती ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं, चार-पाच टक्क्यांचं) एक भाग आणि पाणी नऊ भाग असं मिश्रण करा. उभ्या भिंतीवरून ते ओघळून जातं, म्हणून सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून डागावर चिकटवा. दहा मिनिटांनी काढा, धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. भिंत पूर्ण वाळली की, म्हणजे निदान दोन दिवसांनी, तेलाच्या प्रायमरचे दोन हात द्या आणि त्यावर ऑइल पेंट. पुढची पिंक ओल्या फडक्याने निघेल.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद जिन्यात तो जीवघेणा ठरू शकतो. दुसरं, शहाबादी किंवा कोटा फरशीवर ॲसिड टाकू नका. हे दोन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड पडताच फसफसतं, वरची गुळगुळीत कातडी जाते आणि खरवडलेला दगड पुढचा प्रत्येक डाग पिऊन घेतो. ‘फरशी पहिल्यापेक्षा लवकर घाण होते’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

देवांच्या फरशांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : लावू नका. लोक त्या चुकवून बाजूच्या वीतभर जागेत थुंकतात किंवा फरशीवरच थुंकतात, आणि मग तंटा वेगळाच होतो. पिंक बहुतेक कोपऱ्यात पडते, कारण तिथे अंधार असतो आणि कोणी पाहत नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ९ वॅटचा एलईडी दिवा दिवसाही चालू ठेवा. कोपऱ्याचा काटकोन सिमेंटने भरून गोलाई द्या आणि चार फुटांपर्यंत पांढरी ग्लेझ्ड फरशी लावा. आणि नवा डाग त्याच दिवशी पुसा. एक डाग राहिला की दुसऱ्याला संकोच वाटत नाही. तळमजल्यावर वाळूची पिंकदाणी ठेवणार असाल, तर वाळू रोज बदलणारं माणूस आधी नेमा.

प्रश्न : मी शहाळी विकतो. रस्ता घाण झाला की बोट आमच्याकडेच दाखवतात. घंटागाडीवाला टरफलं घेत नाही. मी काय करू?
— पथविक्रेता, ठाणे

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. एका शहाळ्याचं टरफल किलो-दीड किलोचं. दिवसाला शंभर शहाळी विकलीत तर क्विंटल-दीड क्विंटल ओला कचरा होतो. मोठा कचरा निर्माता ठरवायला २०१६च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंचीच रेघ आखली होती. घंटागाडीच्या कप्प्यात एवढं बसत नाही, आणि ते टरफल यंत्रात अडकतं म्हणून खतप्रकल्पवालेही सहज घेत नाहीत.

करता येण्यासारखं पहिलं काम म्हणजे गिऱ्हाईक गेलं की त्याच कोयत्याने टरफलाचे चार तुकडे करणं. अख्खी टरफलं एकमेकांत बसत नाहीत, तुकडे बसतात. पोत्यांची संख्या चांगलीच घटते. शिवाय अख्ख्या टरफलात पावसाचं पाणी साचून आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, तो धोका टळतो. तुकडे प्लास्टिकच्या नाही, बारदानाच्या पोत्यात भरा. हवा लागून ते वाळतात आणि वजन कमी होतं. मग तुम्ही, उसाच्या रसवाले आणि फुलवाले मिळून एका टेम्पोचा रोजचा फेरा ठरवा. माल कुठे घ्यायचा हे महापालिकेच्या घनकचरा विभागाकडून लेखी मागा. चिपाड आणि फुलं खतात लवकर जिरतात, म्हणून ती टरफलांत मिसळू नका, नाहीतर तिन्ही नाकारली जातील.

२०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींच्या असतात. विक्रीची जागा ठरते तिथेच कचरा उचलण्याची जागा आणि वेळही ठरवून घ्या.

प्रश्न : ‘५१ मायक्रॉन’ छापलेली पिशवी चालते असं पुरवठादार सांगतो. खरं का?
— किराणा दुकानदार, मिरज

उत्तर : नाही. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने सामान घालून न्यायच्या प्लास्टिक पिशव्यांवर जाडी न पाहता बंदी घातली. केंद्राची किमान मर्यादाही ३१ डिसेंबर २०२२पासून १२० मायक्रॉन आहे. राज्याच्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. ‘कापडी’ म्हणून विकली जाणारी मऊ, छापील पिशवी बहुधा नॉन-वोव्हन, म्हणजे प्लास्टिकचीच असते. कडेचा धागा जाळून पाहा : सुताची राख होते, प्लास्टिक वितळून त्याची कडक गोळी होते.

प्रश्न : दरवर्षी पहिल्याच पावसात आमच्या दुकानांत पाणी शिरतं. मे महिन्यात गाळ काढलेला असतो, तरीही.
— हार्डवेअर व्यापारी, चिपळूण

उत्तर : काढलेला गाळ कुठे जातो ते पाहा. तो चेंबरच्या कडेलाच वाळत ठेवतात आणि पहिली सर त्याला परत आत नेते. ४८ तासांत उचलण्याची अट कंत्राटात घालून घ्या आणि रिकामं चेंबर व उचललेली जागा असे दोन्ही फोटो मागा.

दुसरं कारण बऱ्याचदा दुकानांसमोरच असतं. गटारावर सलग काँक्रीट ओतून केलेला उतार साफ करायला जागाच ठेवत नाही. दर तीन मीटरला उचलता येईल अशी लोखंडी जाळी बसवा, पट्ट्यांमध्ये २० ते २५ मिलिमीटर फट ठेवा. डास-वासासाठी जाळीवर टाकलेलं पोतं किंवा बारीक जाळी जूनच्या आधी काढा. पाऊस लागल्यावर ते काढायला कोणी जात नाही. झाडताना केर जाळीकडे लोटला जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा. आणि तुंबलेल्या चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि चेंबर पावसाळी गटाराचं असलं तरी आतला वायू तितकाच घातक असू शकतो. यंत्राची गाडीच बोलवा.

प्रश्न : फूटपाथचे पेव्हर ब्लॉक वर्षभरात खचतात. माल निकृष्ट असतो का?
— वाचक, नाशिक

उत्तर : क्वचित. चालण्यापुरते ६० मिलिमीटरचे ब्लॉक पुरतात, टेम्पो चढत असेल तर ८० हवेत. पण खचण्याचं कारण बहुधा खाली असतं : नळासाठी खणलेला चर न चोपता भरलेला असतो, किंवा कडेला बांधीव पट्टी नसल्याने वाळू सरकते. ब्लॉक काढा, चर १५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून चोपा, वर ३० मिलिमीटर वाळू सारखी करा, ब्लॉक बसवून सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरा. महिन्याभराने सांधे पुन्हा भरावे लागतात. हे काम कंत्राटदार सोडून जातो, म्हणून शेवटचं बिल त्यानंतरच द्या.